रिकाम्या कॉइलमधली लहर

वर्षाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. "मॅडम, बाबा गेले... सकाळी चहा पिता पिता." त्याला आता तीन आठवडे होतील. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो थोडा विचित्रच होता. आता मला अडचणीत टाकणारे प्रश्न कोण विचारणार?

वामन परब, आमचे परबकाका, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. कापड विणणाऱ्या साच्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे. गिरण्यांचा संप सुरू झाला, वर्ष उलटलं, तरी मिटायचं नाव घेईना. त्यांची मुलगी वर्षा तेव्हा पाळण्यात होती. कुणाच्या तरी ओळखीने काका आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये लागले. काही वर्षांनी मी गिरगावातून तिथे पीएचडीसाठी जाऊ लागले, तेव्हा चुंबकाच्या खोलीत लागणाऱ्या तांब्याच्या कॉइल तेच गुंडाळत. तार अगदी बारीक, आणि आत तपासायला ठेवायचा स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा.

"ह्या दगडात तू काय बघतंस गो?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. चारचौघांत मी 'मॅडम' असे, एरवी 'गो'.

मी सांगितलं, हे धातूचं ऑक्साइड आहे, थरावर थर रचलेलं. त्या थरांमधलं चुंबकत्व सतत थरथरत असतं, पण ते थेट दिसत नाही. अणूचं केंद्रकही एक चिमुकलं चुंबकच. त्याला कॉइलमधून रेडिओलहरीचा धक्का द्यायचा आणि ते किती वेळात मूळ जागी येतं ते मोजायचं. त्यावरून आजूबाजूची थरथर कळते. काका म्हणाले, "म्हणजे घरात काय चाललाहा, ता शेजाऱ्याक इचारूचा!" पुढे वर्गात मी हेच वाक्य कितीतरी वेळा वापरलं.

तिसऱ्या वर्षी तो प्रसंग घडला. स्फटिक खूप थंड केला की यंत्राच्या पडद्यावर एक नवीच लहर उठू लागली. थरांमध्ये काहीतरी नवं चुंबकीय घडतंय, असं मी आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी ठरवून टाकलं. शोधनिबंध टाइप झाला, पाठवायच्या पाकिटात गेला. काका पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही लहर दगडाचीच कशावरून? माझ्या कॉइलची असली तर?"

"काका, कॉइल कशी लहर देईल?" मी जरा तुटकच बोलले.

"साचोसुद्धा थंड असलो की येगळो वाजता. दगड काढून बघ मगे."

ते मला मुळीच आवडलं नाही. तरी दाणा काढला आणि रिकामी कॉइल थंड केली. त्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी पडद्यावर तीच लहर उठली... तशीच्या तशी. रेडिओलहरीचा धक्का बसला की कॉइलची तार स्वतःच थरथरत होती. मी तिथेच रडले. चूक काकांच्या हातच्या कामात निघाली होती, आणि ती त्यांनीच शोधून काढली होती.

पाकीट पोस्टात न जाता सरांच्या खणात गेलं. पुढचे कित्येक आठवडे काका नव्या कॉइल करत राहिले. जरा जाड तार घेतली, वेढे पक्क्या गोंदात बसवले. लहर गेली. उरलं ते दिसायला अगदी लहान होतं. थंडीत सगळं शांत व्हायला हवं, तर केंद्रकं उलट लवकर परतत होती. म्हणजे थरांमधली थरथर खरी होती आणि थंडीत ती वाढत होती. त्यावर लिहिलेल्या नव्या निबंधात आभाराच्या ओळीत काकांचं नाव आलं. ती ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

परवा लालबागला त्यांच्या खोलीवर गेले होते. वर्षाने विचारलं, "बाबा तिथे नक्की काय करायचे हो? घरी विचारलं तर म्हणायचे, तार गुंडाळतंय." मग तिने जुन्या कॅलेंडरची पानं पुढे केली. पाठच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले, आणि बहुतेकांपुढे बरोबरची खूण. शेवटच्या पानावर निवृत्तीनंतरचं, थरथरतं अक्षर होतं: 'थंडी निरपेक्ष शून्यापर्यंत नेली तरी ही हालचाल पुरती थांबत का नाही? मॅडमना विचारणे.'

त्यापुढे खूण नव्हती.

"याचं उत्तर काय?" वर्षाने विचारलं.

मी तिला जेवढं कळलंय तेवढं सांगू लागले, आणि थोड्याच वेळात अडखळले. "पुढचं अजून कुणालाच नीट माहीत नाही गं," मी म्हटलं. ती जवळ सरकून बसली. म्हणाली, "मग जिथपर्यंत माहीत आहे, तिथपर्यंत पुन्हा सांगा."