पोस्टकार्डाएवढी फट

लालबाग ते गिरगाव हा काही प्रवासवर्णन लिहिण्याजोगा प्रवास नव्हे, हे मला कळतं. बस वेळेवर मिळाली तर पाऊण तास. पण त्या परसात पुन्हा पाय ठेवायला मला चार महिने लागले, म्हणून लिहितो आहे. परसात छोटी आगगाडी बांधायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनाही यातलं थोडं उपयोगी पडेल.

गुरुवारी रोझीवहिनींचा फोन आला. “भाऊजी, रविवारी टेम्पो येतो. घर रिकामं करून लेकीकडे वसईला चाललेय. आल्फीची गाडी तेवढी एकदा पुरी फिरवून द्या. मग काय तोडायचं ते तोडा.”

आल्फी माझा चाळीस वर्षांचा दोस्त. गिरगावातल्या एका जुन्या वाडीतला ईस्ट इंडियन ख्रिश्चन, सगळं आयुष्य रेल्वेच्या रुळांवर गेलेलं. मी गिरणीतला फिटर. दोघं रिटायर झाल्यावर त्याच्या परसात नॅरोगेज घालायला घेतली. दोन रुळांत अंतर पावणेदोन इंच. बुजवलेल्या विहिरीला वळसा, चिकूखालून भिंतीकडे, भिंतीकडून परत. रुळांखालचे स्लीपर जुन्या सागवानी खिडकीचे, इंजिन चहाच्या डब्याचं, पोटात बॅटरी. चार वर्षं दर रविवारी हेच.

जानेवारीत भिंतीकडची सहा-सात फुटांची बाजू मी बसवली. रूळ असे जोडले की सांध्यावर नख अडकू नये. आल्फीने बघितलं आणि स्क्रू काढायला बसला.

“सावंता, ही गिरनी नाय. उन्हात रूळ अंग टाकतो. पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेव.”

गिरणीत सांधा फटीशिवाय बसला तरच फिटर, नाहीतर हमाल. मला झोंबलं. “मग तूच बसव एकटा,” म्हणून मी उठलो. आज जाईन, पुढच्या रविवारी जाईन, असं करत मार्च उजाडला आणि त्याच्या लेकीचा, लिंडाचा फोन आला, डॅडी गेले. मी सरळ चर्चमध्ये गेलो, वाडीत नाही.

तर शनिवारी सकाळी निघालो. दारातून ही म्हणाली, “तिथे जाऊन रडत बसू नका. त्या माऊलीचं काम करा.” लालबागहून बस पकडून क्रॉफर्ड मार्केटला उतरलो. तिथून लोहार चाळ पायी. पितळी स्क्रू, रुळाची पितळी पट्टी, सगळं तिथे सुटं मिळतं. मात्र शनिवारीच उरका, रविवारी कुलपं असतात. पुढे काळबादेवीतून गिरगावला चालतच जावं. हातगाड्या टॅक्सीलाही अडवतात, माणूस निदान तिरका होऊन निघतो. वाटेत मिसळ खाल्ली. आल्फी असता तर माझ्या प्लेटीतली शेव त्याने उचलली असती. शेव तशीच शिल्लक राहिली.

घरात खोकीच खोकी. वहिनी काळ्या झग्यात, खुर्चीही बांधून झालेली म्हणून पायरीवर बसलेल्या.

“आलात? मला वाटलं, वाडीचा रस्ता विसरलात.”

“विसरलो नव्हतो, वहिनी.”

“मला माहीत आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं.”

परसात गेलो. सगळा वळसा रुळांनी भरला होता. फक्त भिंतीकडची माझी बाजू उघडी. स्लीपर मांडून, समतल करून ठेवले होते. रूळ मात्र घातले नव्हते.

सावली होती तोवर मी काम उरकलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मी तसेच बसवले. घट्ट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हाताला सवय गिरणीची, हे तर खरंच. पण मेलेल्या मित्राशी मला तो वादही अजून जिंकायचा होता.

बारा वाजता ऊन भिंतीवर आलं. वहिनींनी इंजिनावर क्रॉसची खूण केली, लिंडाने बटण दाबलं. विहीर झाली, चिकू झाला. भिंतीशी पोचलं आणि आडवं पडलं. बघतो तर माझा रूळ मधोमध फुगून वाकडा झालेला, मेथीच्या काडीसारखा.

“डॅडी बोलले होते,” लिंडा म्हणाली. “अंकल येतील आणि परत टाइट बसवतील.”

वहिनी हसल्या. डॅडी गेल्यापासून पहिल्यांदा, असं लिंडाने मला नंतर सांगितलं. मला मात्र मान वर करवेना.

“त्याची पेटी घ्या,” वहिनी म्हणाल्या. “फट मोजायचं त्यात आहे.”

पेटीत पक्कड, कानस आणि खाली एक पोस्टकार्ड. त्यावर माझं नाव, लालबागचा पत्ता, खोली नंबरसकट. मागची बाजू कोरी.

“दोन दिवस टेबलावर पडलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “मी बोलले, फोन कर ना. तर म्हणे, फोनवर तो भांडेल. मग काय लिहावं ते सुचेना. शेवटी उचललं आणि फट मोजायला घेऊन गेला.”

मी रूळ सोडवले. टोकं कानशीने घासली. प्रत्येक सांध्यात ते कार्ड उभं धरायचं, रूळ टेकवायचा, कार्ड ओढून घ्यायचं, मग स्क्रू. मध्ये वहिनींनी बॉटल मसाल्याची कोळंबी आणि पाव आणून दिला, कागदाच्या ताटलीत, कारण भांडी खोक्यांत गेली होती. (रूळ थंड वेळी बसवत असाल तर फट विसरू नका. पितळ तुमचा मान ठेवत नाही.)

चार वाजता ऊन भिंतीवरच होतं. इंजिन निघालं. माझ्या बाजूवर आलं तसं प्रत्येक सांध्यावर टक्‌ वाजू लागलं, खऱ्या गाडीसारखं. गिरणीतल्या माणसाला हा आवाज म्हणजे दोष वाटतो. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. वळसा पुरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, “पुरे आता. काढा.”

काढायला तासही लागला नाही. इंजिन वहिनींच्या पिशवीत गेलं. रूळ मला दिले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते कुठे घालू? तरी आणले.

परतीला बसमध्ये बसायला जागा मिळाली. घरी आल्यावर हिने खिशातलं कार्ड बाहेर काढलं.

“कोणाचं पत्र?”

“आल्फीचं.”

तिने उलटंपालटं करून बघितलं. कोऱ्या बाजूवर रुळांच्या टोकांच्या काळ्या, तेलकट रेघा होत्या. काही त्याच्या, काही माझ्या. कोणत्या कोणाच्या, ते मलाही सांगता येईना. तिने पदराचं टोक ओलं केलं.

“पुसू नकोस,” मी म्हणालो.