सुईवाली हर्षला आणि ओवशाची सून

बुधवारी सकाळी सव्वासातला हर्षला मिणमिणेच्या ओट्यावर एका शेगडीवर तवा तापला होता, दुसरीवर शिराळ्याची भाजी शिजत होती आणि तिचा नवरा मनोज एक मोजा हातात धरून दुसऱ्याच्या शोधात घरभर फिरत होता. खोपोलीच्या कारखान्याची बस पाऊण तासात नाक्यावर यायची.

"अगं, काल दोन्ही इथंच होते."

"मग एक चालत गेला असेल. पलंगाखाली बघा."

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. बेल होती, वीजही होती, तरी थापाच.

"तुझंच गिऱ्हाईक," मनोज पलंगाखालून म्हणाला. "बेल सोडून दार बडवणारं माणूस माझ्याकडे कधी येत नाही."

हर्षलाने पिठाचे हात नळाखाली धरले आणि दार उघडलं. दारात साठीची एक ठसठशीत बाई उभी होती, नऊवारी नीट चापूनचोपून नेसलेली, हातात कापडी पिशवी. मागे पंचविशीची मुलगी, पंजाबी ड्रेसात, नजर जमिनीवर.

"सुईवाली बाई तुमीच ना? आमी पळसदरीच्या. मी सोनुबाई, ही माझी सून सुप्रिया. आठ दिसांवर गौर आली नि हिची पाळी बावन दिस झाले, नाय. सुई टोचा आन् आजउद्या आणा. म्हंजे गौरीला पोरगी मोकळी."

एका दमात सगळं सांगून सोनुबाईंनी चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीत बसल्याही.

हर्षला हसली. असं मागणं तिला नवीन नव्हतं. शेलूत ती अ‍ॅक्युपंक्चर करायला लागली त्याला यंदा नऊ वर्षं झाली होती. दारावरच्या पाटीतलं ते लांबलचक नाव कोणी वाचत नसे. बदलापूरपासून कर्जतपर्यंत बायका तिला सुईवाली म्हणूनच ओळखत. ती खालापुरातल्या चौकची, शेतकऱ्याची मुलगी. बी.ए. झाली, लग्न होऊन इथे आली आणि अर्धशिशीने इतकी बेजार झाली, की दिवसदिवस खोलीत अंधार करून पडायची. कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या सुयांनी तिचं डोकं हलकं झालं. बरी झालेली माणसं पेढे देऊन मोकळी होतात. हिने त्यांच्याकडे मदतनीस म्हणून काम मागितलं. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, रीतसर शिकली, परीक्षा दिली, नोंदणी केली. माहेरी काकी अजून म्हणते, "आमची हर्षला लोकांना टोचून खाते."

त्या डॉक्टरांनी तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. सुई शेवटी. आधी डोळे, मग कान.

"बसा, चहा ठेवते," ती म्हणाली. "सुप्रिया, किती वर्षं झाली लग्नाला?"

"तीन," सोनुबाई म्हणाल्या.

"पाळीत पोटात दुखतं?"

"दुखतं की! गुरासारखी पडून ऱ्हाते."

"झोप लागते?"

"लागते. सकाळी मलाच उठवाया लागतं."

हर्षलाने एकदा सोनुबाईंकडे पाहिलं, एकदा सुप्रियाकडे. सुप्रियाचे ओठ दर वेळी उघडत आणि मिटत.

"जीभ दाखव बघू."

सुप्रियाने जीभ काढली. सोनुबाईंनीही काढली. पलीकडून मोजा सापडलेला मनोज हे पाहून डबा घेऊन खाली मान घालून पसार झाला.

जीभ फिकट होती, कडांना दातांचे वण. मग हर्षलाने मनगटावर तीन बोटं ठेवून दोन्ही हातांची नाडी पाहिली. नाडी बारीक चालत होती, दमल्यासारखी. चिनी वैद्य म्हणतील रक्त कमी, पोटाची आग मंद. हर्षला हे मनात नोंदवायची आणि कागदावर हिमोग्लोबिनची तपासणी लिहायची. तिला दोन्ही भाषा येत आणि त्यांत भांडण लावायची गरज तिला कधी वाटली नाही.

"पहिलं काम," ती म्हणाली आणि कपाटातून लघवी तपासायची पट्टी काढून सुप्रियाच्या हातात दिली. "घोट्याच्या वर चार बोटांवर एक जागा आहे, ती पाळीची. पण पोटात काही असेल तर तिथे मी सुईचं टोकही लावत नाही."

सुप्रिया आत गेली. सोनुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. पट्टीवर एकच रेघ आली. दोघींचे चेहरे सारखेच उतरले, हे हर्षलाने पाहिलं आणि म्हातारीबद्दल तिच्या मनात जरा माया उपजली.

"मग आता टोचा," सोनुबाई सावरून म्हणाल्या. "बाई, ओवसा हाय हिचा. पयला."

लग्नानंतरचा गौरीचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने सुपात फळं-भाज्या-दोरे मांडून गौरीपुढे धरायचं, हा सोनुबाईंच्या घरात वाटेल त्या वर्षी होत नसे. नक्षत्र जुळावं लागे. दोन वर्षं जुळलं नव्हतं, यंदा जुळलं होतं. माहेरची पंचवीस माणसं येणार होती, सुपं आणून ठेवली होती. आणि ऐन गौरीच्या दिवशी सून बाहेरची झाली तर सगळंच अडणार होतं.

हर्षलाला काहीतरी खटकत होतं. पण सासू खुर्चीत असेपर्यंत सून बोलणार नाही, हे उघड होतं. बाहेर बसा म्हटलं तर सोनुबाई दाराला कान लावतील. तिने सोनुबाईंच्या बसण्याकडे पाहिलं. डावा पाय सरळ सोडलेला, हात गुडघ्यावर.

"गुडघा कधीपासून?"

"ह्यो? पाच वर्सं. जिना चढताना जीव जातो बघा. तुमी तिसऱ्या मजल्यावर कशाला ऱ्हाता?"

"या आत, झोपा. तुमचं आधी बघू."

"माझं? मी हिच्यासाठी..."

"आल्यासारख्या घ्या की. फुकट."

सोनुबाई पलंगावर आडव्या झाल्या. हर्षलाने गुडघ्याभोवती चार, घोट्याजवळ एक आणि हातावर एक अशा केसाएवढ्या बारीक सुया लावल्या. सोनुबाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"लावा की आता!"

"लागल्या. वीस मिनिटं हलायचं नाही हं. हललात तर सुई वाकेल."

"आन् खाज आली तर?"

"देवाचं नाव घ्या."

मग तिने दार लोटलं, सुप्रियाला स्वयंपाकघरात नेलं, तिच्या हातात चहा दिला आणि स्वतः भाकरी थापायला लागली. समोर बसून विचारलं की बायका बुजतात. हात कामात असले की बोलतात. हेही नऊ वर्षांतलंच शिकणं.

"काय घेतेस तू, सुप्रिया?"

कपातून नजर न काढता सुप्रिया म्हणाली, "गोळ्या. पाळी पुढे ढकलायच्या."

"किती वेळा?"

ती बोटं मोजू लागली. "गेल्या वर्षी गौरी-गणपतीला. मग नवरात्र. दिवाळीतली पूजा. दिराची हळद. माघी गणपती. चैत्रात गावची जत्रा. आणि आत्ता आषाढात नणंदेची वास्तुशांत. सात."

"एका वर्षात? डॉक्टरांनी दिल्या?"

"आई मेडिकलमधून आणतात. गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत रोज दिली होती. मी म्हटलं मळमळतं, तर म्हणाल्या, देवाच्या कामाला थोडं सोसावं." तिने कप खाली ठेवला. "आणि ताई, नंतर त्याच सगळ्यांना सांगतात, हिची पाळी अनियमित आहे, म्हणून मूल होत नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय."

हर्षलाच्या हातातली भाकरी थबकली. "गोळ्यांच्या आधी कशी यायची?"

"लक्षात नाही."

आतून हाक आली, "काय बोलताय गं?"

"हलू नका, सोनुबाई!"

"मी नाय हालत! पलंगच हालतो!"

सुप्रियाला हसू फुटलं आणि हसता हसताच तिला आठवलं. "आईंना माहीत असेल. त्या कॅलेंडरवर फुल्या मारतात. माझे चार दिवस स्वयंपाक त्यांना करावा लागतो ना, म्हणून."

तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. देवेश दात घासत होता. गेल्या वर्षीचं कॅलेंडर नव्याच्या खालीच खिळ्याला होतं. त्याने ते उचलून फोनसमोर धरलं, आधी उलटं, मग आडवं.

"या फुल्या? मला वाटायचं आई दुधवाल्याचे खाडे लिहिते."

"वाचा तुम्ही नुसतं."

"मे तीन. जून एक. जून तीस. जुलै अठ्ठावीस. मग, थांब हं, सप्टेंबर आठ."

हर्षला भाकरीच्या पिठावरच बोटाने आकडे मांडत होती. एकोणतीस, एकोणतीस, अठ्ठावीस. आणि मग एकदम बेचाळीस, नेमका गौरी-गणपतीचा. देवेश पुढे वाचत गेला, आणि जिथे जिथे उडी होती, तिथे तिथे एक सण नाहीतर एक कार्य बसलेलं होतं. तव्यावरची भाकरी करपली, तिकडे कोणी पाहिलं नाही.

"सुप्रिया," ती म्हणाली, "तुझी पाळी अनियमित आहे की नाही, हेच अजून कोणाला माहीत नाही. तिला स्वतःहून येऊच दिलेलं नाही वर्षभर. बावन्न दिवस कशामुळे झाले तेही मी असंच सांगणार नाही. थायरॉइड, रक्त आणि सोनोग्राफी करून घे, कर्जतला डॉक्टरीणबाईंना दाखव. पण घाबरू नकोस. हे कॅलेंडर वाचून मला तरी धीर आलाय."

सुप्रियाने डोळे पुसले, मग तवा उतरवला.

वीस मिनिटं होऊन गेली होती. हर्षला सोनुबाईंच्या उशाशी बसली आणि एकेक सुई काढता काढता, आवाज न चढवता, तिने सगळं सांगितलं. सून दारात उभी होती. सोनुबाई छताकडे बघत ऐकत राहिल्या.

"म्हंजे मीच केलं म्हना की."

"मी तसं नाही म्हणत."

"म्हना, म्हना." त्या उठून बसल्या. "बाई, आमच्या येळेला गोळी नव्हती. पाच दिस पडवीत. पावसात पण. ताट लांबून सरकवायचे. सगळ्या बाया सणाला हासत असायच्या नि मी एकटी कोपऱ्यात. मी ठरवलं, माझी सून अशी बसनार नाय. सगळ्या सणाला पुढं असंल. म्हनून गोळी आणली."

सुप्रिया पुढे येऊन पलंगाच्या कडेला बसली. त्या सकाळी सासूच्या देखत ती पहिल्यांदा बोलली.

"आई, मला ओवसा करायचाय. मनापासून. पण गोळी खाऊन नाही. तेव्हा पाळी आली तर आली."

"आन् सूप कोन धरल? तुझा बाप?"

"तुम्ही धरा. मी लांबून हात जोडीन. पण सूप मी भरणार, आधीच, माझ्या हातानं."

सोनुबाईंनी पिशवीत हात घालून गोळ्यांची नवीकोरी पट्टी काढली. सुईचा गुण आला नाही तर असावी, म्हणून येतानाच घेतली होती. ती त्यांनी सुनेच्या मांडीवर टाकली.

"ठेव तुझ्याकडं. तुझं तू बघ. आन् तुझ्या आयला काय सांगायचं ते पन तूच सांग, मी नाय सांगनार."

हर्षलाने तपासण्यांचा कागद लिहून दिला. रिपोर्ट आले, की आठवड्यातून एकदा, तीन महिने, असं सांगितलं. घोट्यावरच्या सुया, पोटावर दवण्याच्या जातीच्या पाल्याची धुमसती कांडी धरून शेक, आणि रोजच्या जेवणाचं बघणं. हमी ती कोणाला देत नसे. चिनी काढ्यांच्या पुड्या बाजारात मिळतात, त्यांत काय असतं ते तिला कळत नसे, म्हणून त्या ती देत नसे. पण कुठे थांबायचं आणि कुणाकडे पाठवायचं, हे तिला नक्की कळत होतं, आणि तिच्या हाताला येणारं यश बरंचसं त्यातच होतं.

सोनुबाईंनी उभं राहून गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा वाकवला.

"हलका झाला गं खरंच! आता हिच्यासंगती दर बुधवारी मी पन येते. दोघींचं होऊन जाईल."

"तुमच्या गुडघ्याला शुक्रवार देते, सोनुबाई," हर्षला म्हणाली. "एकच मागते तुमच्याकडे. बुधवारी हिला एकटीला पाठवा."