मानाचा सोफा

आता हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझ्याच्याने तोंड वर करवणार नाही!

भाच्याचं, निखिलचं लग्न होतं, इथेच पनवेलला. मी सख्खा मामा. म्हणजे मुलाकडचा, आणि त्यातही मानाचा! बायको आदल्या दिवसापासून ताईकडेच होती. मी ऑफिसचं काम उरकून थेट हॉल गाठला. दाराशी फुलांची पाटी होती. वाचली का? छे हो! पाट्या साध्या पाहुण्यांनी वाचायच्या. मामाला हाताला धरून आत नेतात.

मला कोणी नेलं नाही.

पेढा नाही, गुलाबपाणी नाही, साधं 'या' नाही. डोकंच फिरलं! तरातरा जाऊन स्टेजसमोरच्या सोफ्यावर ठाण मांडलं. ओळखीचा एकही चेहरा दिसेना. म्हटलं, सगळे मुलीकडचे असणार. मग काय, आवाज चढवला.

"मुलाचा मामा इथे कोरडा बसलाय! पाणी विचारायची पद्धत आहे की नाही तुमच्याकडे?"

पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ धावत आले. मुलीचे वडील. हात जोडलेले.

"चुकी झाली, मामा. आमी तुमाला वलखलं नाय. राग धरू नका."

चहा आला. फार गोड होता, परत पाठवला. दुसरा आला, तो गार. मग फेटा बांधून घेतला, शाल-नारळ घेतला, पंखा माझ्याकडे वळवायला लावला. ते बिचारे घामाघूम. दर वेळी विचारायचे, "आता बरा हाय ना, मामा?" मी नुसती मान हलवायचो. खरं सांगू? मजा येत होती मला.

तेवढ्यात सनई वाजली आणि नवरदेव आत आला. मी रुबाबात पुढे झालो. बघतो तर काय, निखिल नाही! आधी वाटलं, दाढीमुळे वेगळा दिसत असेल. पण उंची कशी वाढेल हो?

घाईघाईने फोन काढला. सायलेंटवर! ताईच्या मिस्ड कॉलची रांग, आणि खाली मेसेज: 'वरच्या मजल्यावर ये, लवकर.'

फेटा उतरवून मी त्या गृहस्थांच्या हातात ठेवला. "काका, माफ करा. मी तुमचा कोणीच नाही."

वाटलं, आता धक्के मारून बाहेर काढतात. ते मटकन खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले.

"म्हंजे नवऱ्याकडचा कोनी रागावला नाय? पोरीचं लगीन नीट लागंल ना?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "अहो, पण तुम्ही विचारलं का नाही, कोण तुम्ही म्हणून?"

"एवडं वरडताव, म्हंजे मुलाकडचंच असनार. इचारायची हिंमत कोनाची?"

धापा टाकत वर पळालो. नवरदेवाच्या मागे मामाने उभं राहायचं, म्हणून सगळं खोळंबलेलं. भटजी घड्याळ बघतायत. आणि जिन्याच्या तोंडाशी निखिलचे सासरे. त्यांचेही हात जोडलेले!

"मामासाहेब, आमचं काय चुकलं ते सांगा, पण मुहूर्त टळू देऊ नका."

मला काही कळेना. ताईला म्हटलं, "अगं, मी चुकून खालच्या लग्नात बसलो होतो! कोणी शोधायला तरी यायचं ना!"

ताईने माझ्या हातात अक्षता कोंबल्या.

"तू वाट चुकला असशील, असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही रे. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा रुसलास."