सातव्या कलशातली माती

"उठ. ती खुर्ची शहिदाच्या घरच्यांसाठी हाय."

सेक्रेटरी साहेब मला म्हणाले. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अमरावतीच्या बागेतल्या शेडमध्ये स्मारक समितीची पहिली बैठक होती आणि मी शेवटच्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसले होते. अंगात पालिकेचं केशरी जाकीट. झाडू खुर्चीखाली सरकवलेला.

मी म्हणाले, "मी घरचीच हाय साहेब."

"कोनाच्या?"

"सिद्धार्थच्या. मोठी बहीण."

त्यांनी हातातली यादी पाहिली. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांतली मिळून सात नावं होती. माझ्या भावाचं सातवं. यादी पाहून झाल्यावर त्यांनी माझं जाकीट पाहिलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

"बरं झालं," साहेब म्हणाले, "आपल्या बागेतलीच निघाली. चाल मंग, पंधरा चहा सांगून ये."

आणि मी उठले.

हे मला आधी सांगायचं आहे. बाकीचं नंतर. मी उठले, झाडू काढला, चहा सांगून आले आणि परत येऊन खांबाला टेकून उभी राहिले. माझी खुर्ची रिकामीच होती. कोणी बस म्हटलं नाही, मीही बसले नाही. लाज त्यांची नव्हती वाटत, माझी वाटत होती.

सिद्धू माझ्या पाठचा. आमचं गाव तिवशाकडचं. बाप लवकर गेला, मायनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून आम्हाला वाढवलं. सिद्धू पळण्यात पटाईत होता, फौजेत लागला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून त्याची मिरवणूक काढली. मिरवणूक आमच्या वस्तीच्या तोंडाशी आली आणि तिथूनच वळली. सिद्धू खाली उतरून पायी घरी आला. हसत होता. मला तेव्हा ते हसू कळलं नाही.

शेवटच्या सुट्टीनंतर निघताना तो दारातल्या ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. "ताई, येतो," म्हणाला. त्यानंतर आली ती पेटी. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. मायनं पेटीवर हात फिरवला, वास घेतला, कान लावला. "आत तोच हाय ना वो?" ती सोबत आलेल्या जवानाला विचारत होती. तो मान खाली घालून उभा राहिला. माय पुढं जितकी वर्षं जगली तितकी वर्षं मला हेच विचारत राहिली, आणि विचारता विचारताच गेली.

आता तो प्रश्न माझ्याकडे आहे. पहाटे बाग झाडताना वाळल्या पानांवर बूट वाजतात. माझ्यामागं, चार-पाच पावलांवर. मी थांबले की थांबतात. आमच्या घरात भुतंखेतं कोणी मानली नाहीत, मीही मानत नाही. पण मागं वळून पाहायची हिंमत माझी कधी झाली नाही.

म्हणून स्मारकाचा नकाशा पाहिला तेव्हा मी हरखले होते, खोटं कशाला बोलू. काळा दगड, त्यावर सात नावं. पायाच्या खड्ड्यात साती घरांच्या अंगणातली माती. ज्याच्या घरची माती त्याच्या घरच्यानं ती आपल्या हातानं टाकायची. नाव कोरायचं ते घरच्यानं सही दिल्यावरच. पेटीत काय होतं ते मला माहीत नाही, पण आमच्या ओट्याखालची माती खरी होती. ती दगडाखाली गेली की सिद्धू एका जागी निजेल, असं मला वाटलं होतं.

वरूडला, हिवरखेडला, अकोल्याला समिती फुलं लावलेली गाडी घेऊन गेली. आरती झाली, मग तांब्याच्या कलशात माती घेतली. मी विचारलं, आमच्या घरी कधी जायचं? साहेब म्हणाले, "तुहं तं रस्त्यावरच हाय. तूच आन ना एसटीनं."

मी गेले. घर पडून गेलं आहे. मायनं निळा चुना दिलेली एक भिंत अर्धी उभी होती, तिच्या खपल्या ओट्यापाशी पडल्या होत्या. सिद्धू बसला होता तिथलीच माती मी उकरली, मायच्या पाणी प्यायच्या पितळेच्या गडव्यात भरली. निळ्या खपल्या आल्या त्याही राहू दिल्या. एसटीत गडवा मांडीवर घेऊन बसले होते.

बागेत साहेबांनी कलश खाली ठेवला आणि दोन पावलं मागं झाले. "वरून टाक," म्हणाले. "लागू नको देऊ."

लहानपणी गावात आम्हाला पाणी वरूनच वाढायचे. ओंजळ खाली, भांडं वर. हात सगळं लक्षात ठेवतो. माझा हात आपोआप उंच गेला आणि मी माझ्या भावाची माती वरून टाकली. गडवा रिकामा झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

पायाभरणीच्या दिवशी मला सुट्टी नव्हती. "आधी झाडून घे, मंग लुगडं बदलून खुर्चीवर बस," असा निरोप होता. झाडत झाडत गुलाबाच्या वाफ्यापाशी आले. वाफ्यात निळं काहीतरी दिसलं. वाकून पाहिलं. चुन्याच्या खपल्या होत्या. मी खाली बसले ती बसलेच.

बागेतले म्हातारे माळीबाबा पाण्याचा पाईप घेऊन उभे होते. त्यांनी पाणी बंद केलं. म्हणाले, "काल सांजच्याले समितीवाल्याइनं तुहा कलश रिता केला वो बाई. रातभर कलश देवळात ठेवाचे होते ना. तुहा गोमूत्रानं धुतला, अन् इथलीच माती भरली त्यात. मी कोन बोलनारा?"

मी रडले नाही.  बोटांनी वाफ्यातली माती गोळा केली. जेवढी ओळखू आली तेवढी. गडवा पिशवीत होता, कार्यक्रम झाल्यावर घरी न्यायचा म्हणून आणलेला. त्यात भरली. लुगडं बदललं नाही. जाकिटावरच जाऊन पहिल्या रांगेत सिद्धूचं नाव चिकटवलेल्या खुर्चीवर बसले. साहेबांनी डोळे वटारले. या वेळी उठले नाही.

नाव पुकारलं की घरच्यानं कलश घेऊन खड्ड्याशी उभं राहायचं, माती सगळ्यांनी मिळून टाकायची होती. सातवं नाव पुकारलं. मी पुढं गेले, त्यांचा तो धुतलेला कलश उचलला आणि चटईवर उपडा केला.

"हे माती माह्या घरची नाही. माह्या घरची गुलाबाच्या वाफ्यात फेकली."

साहेबांच्या हातात माईक होता. ते कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तमाशा नोको करू. माती तं मातीच असते. मातीले का जात असते?"

"नसते ना साहेब? मंग फेकली काहून? कलश धुतला काहून?"

 माझ्या शेजारी वरूडच्या म्हाताऱ्या आई होत्या, त्यांचा मुलगा यादीत दुसरा. त्यांनी माझ्या गडव्यात बोट बुडवलं, कपाळाला लावलं. मला वाटलं, आता या बोलतील. त्यांनी मान खाली घातली, आपला कलश खड्ड्यात रिकामा केला आणि जागेवर जाऊन बसल्या. मी त्यांना दोष देत नाही. पण विसरलेही नाही.

साहेब म्हणाले, "बरं बाप्पा, चुकलं. आता टाक तुही माती अन् संपव. नाव तं कोरूनच राहिलो आपन."

मी खड्ड्याच्या काठाशी गेले. एवढंच तर मला हवं होतं. गडवा कलला होता, दोन-चार कण पडलेही असतील. मागं बूट येऊन थांबले होते, भर सकाळी, एवढ्या माणसांत. टाकली की तो निजेल. मायचा प्रश्न मिटेल. तेवढ्यात साहेबांनी आपलं धोतर आवरून घेतलं आणि हात हलवला.

"वरून टाक, वरून."

माझा हात उंच जायला निघाला होता. मी तो धरला. माझ्याच दुसऱ्या हातानं धरला.

"नाही टाकत."

"अवो, पन..."

"नाव कोराले घरच्याची सही लागते ना? मी देत नाही. जे केलं ते याच माईकवर सांगा. अन् मंग हा गडवा तुमी माह्या हातून तुमच्या हातात घ्या. त्या दिवशी सही देईन."

त्यांनी गडव्याकडे पाहिलं. हात पुढं आला नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी बदली मासळी बाजारात झाली. वास नाकातून जात नाही, पण झाडायचं काम तेच आहे. समितीची माणसं दोनदा घरी येऊन गेली. दारातच उभी राहिली, चहा नको म्हणाली. सगळं मिटवून टाक, भावाच्या आत्म्याला शांती मिळू दे, असं सांगून गेली. शांती नको आहे त्याला. मिरवणुकीतून उतरून तो का हसला ते मला आता कळलं आहे.

दगड उभा राहिला. सहा नावं कोरली, सोनेरी रंग भरला. सातवी ओळ तशीच आहे. गडवा माझ्या घरी खिडकीत आहे, मातीसकट. बूट अजून वाजतात. आता मी मागं वळून पाहते. तिथं कोणी नसतं, तरी पाहते.

दर रविवारी मी बागेत जाते. ड्युटी नसते, तरी केशरी जाकीट घालून जाते. दगडाच्या पायरीवर, कोऱ्या ओळीच्या बरोबर खाली बसते. फिरायला आलेली माणसं थांबतात, नावं मोजतात, विचारतात, "इथं जागा कोरी कशी?"

मी सांगते. पहिल्यापासून सगळं सांगते. मी मरेपर्यंत सांगीन. सेक्रेटरी साहेब समोरून आले तरी सांगीन, आणि बसूनच सांगीन.