एन म्हणजे नको

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तर सरून बहात्तरावे लागले होते. देवळाच्या वाचनालयात चार माणसे पेपर वाचत होती. त्यांच्यासमोर भाटकाराच्या, म्हणजे आमच्या जमीनमालकाच्या, मुलाने माझे मनगट धरून मला कॉम्प्युटरच्या खुर्चीवरून उठवले.

"ऊठ रे. तुका 'व्हय म्हाराजा' सोडून दुसरा काय येता?"

माणसे हसली. तो माझ्या मुलाच्या वयाचा. मी उठलो. वर हसलोही. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आम्ही मुंडकार. पेडण्यात ज्याचे घर भाटकाराच्या जमिनीत, तो मुंडकार. देवळात घाडी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालतो तेव्हा भाटकार पुढे, आम्ही मागे. घाडी देवाला काय सांगतो ते मागे ऐकू येत नाही. तो थांबला की म्हणायचे, व्हय म्हाराजा. बापाने म्हटले. मी म्हटले. काय मागितले, काय कबूल केले, आम्हाला कोण सांगतो?

माझी बायको धालोची, बायकांच्या पौषातल्या फेराची, गाणी म्हणायची. तिच्याएवढी वाड्यावर कोणालाच येत नव्हती. ती गेली. गाणी माझ्या डोक्यात उरली आणि तीही गळायला लागली. आज एक ओळ, उद्या दुसरी. लिहून ठेवायची तर हात कापतो, पेन धरवत नाही. बटण दाबवते.

वाचनालय झाडायचे, उघडायचे काम माझे. चावी कमरेला. तिथे जुना कॉम्प्युटर, लिनक्सवाला. ग्रंथपाल बाईंनी दाखवले होते. हव्या त्या पॅकेजचे नाव लिहायचे, ते आपसूक येऊन बसते. "आजोबा, हे कोणा एकाच्या मालकीचं नाही," बाई म्हणाल्या. "तो विचारील. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको."

त्या दिवशी बाई रजेवर. मराठी लिहायचे पॅकेज मी एकट्याने मागवले. पडद्यावर इंग्रजीचा ढीग पडला. खाली प्रश्न. चौथीपर्यंतची शाळा माझी, पण अक्षर लावता येते. लावले नाही. तो थांबला, मी वाय दाबले. व्हय म्हाराजा.

नंतर कळले, नवे-जुने जुळत नव्हते. जुने काढून टाकू का, असे तो विचारत होता. सगळा डेस्कटॉप गेला. चित्रे, खिडक्या, बाण. उरला काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

तेवढ्यात भाटकाराचा मुलगा आला. मला उठवून म्हणाला, "फाल्या सकाळी देवळात ये. गाऱ्हाणा घालून माफी माग. मगे चावीचा बघू. आणि घर खंयच्या जमनीत आसा, ता विसरा नको."

घरी गेलो. बायकोचे एक गाणे आठवून पाहिले. पहिला शब्दच सापडेना. भिंतीला डोके टेकून बसलो. मग बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डेस्कटॉप हेही एक पॅकेजच, नाव लिहा, परत येईल. नावाचे एकेक अक्षर मी घोकले.

घोकता घोकता ध्यानात आले. त्या यंत्राने मला विचारले होते. विचारून थांबले होते. उभ्या जन्मात माझ्या उत्तरासाठी कोण थांबले? आणि मी त्यालाही मान खाली घालून व्हय म्हटले.

सकाळी देवळात गेलो. मागे नाही, घाडीच्या बाजूला उभा राहिलो. पहिल्यांदा सगळे ऐकू आले.

"देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान चूक केल्यान. परत तो त्या यंत्राक हात लावचो नाय. भाटकारान दिल्या जाग्यार गुमान ऱ्हवतलो."

"व्हय म्हाराजा," मागून आले.

घाडी माझ्याकडे बघत थांबला.

"नाय," मी म्हटले.

भाटकाराच्या मुलाने चावीसाठी हात पुढे केला.

"नाय."

तसाच वाचनालयात गेलो. दार उघडले, खुर्चीवर बसलो, नाव लिहिले. ढीग पडला. खाली प्रश्न आला. या वेळी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले. वाचून संपेपर्यंत वाय नाही. दाराशी माणसे जमली, कोणीतरी माझे नाव घेऊन ओरडले.

मी उठलो नाही. उठणार नाही.