मामांनी घोडं घेतलं

साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेऊन आजवर एकाही वाहनाला मागे न टाकणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. अंबडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली लागली की मामा ट्रॉलीच्या मागे. बैलगाडी लागली की बैलगाडीच्या मागे. एकदा सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्याच्या मागे ते इतका वेळ राहिले की तो बिचारा घाबरून खाली उतरला आणि म्हणाला, "पाव्हणं, काही काम हाय का माझ्याकडं?" हॉर्नला तर मामा हात लावत नाहीत. वाजवला की बिचकतात म्हणे. कोण बिचकतात, ते सांगत नाहीत. एवढी ताकदीची गाडी घेऊन हे काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरं, सारी जिंदगी मेंढरांच्या मागं चाललो. म्होरं चालणाऱ्याला मागचं लंगडं दिसत न्हाई."

मामांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. पावसाळा सरला की मामा कळपाच्या मागे आणि मामी घोड्याचा लगाम धरून पुढे, असं दोघांचं अर्धं आयुष्य रस्त्यावर गेलं. घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. मामीला जागा कधीच नसे. उलट चढ आला की घोड्याला दम लागू नये म्हणून ती त्याच्या पाठीवरचं एखादं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. लग्न नवं होतं तेव्हा मामांनी तिला शब्द दिला होता, एक दिवस तुला घोड्यावर बसवून अंबडच्या देवीला नेईन. पुढे मेंढरं विकली, घोडं गेलं, पोरं एमआयडीसीत कामाला लागली, आणि चालून चालून मामीचे गुडघेही गेले. शब्द तेवढा राहिला होता. म्हणून साठीला टेकलेल्या, जन्मात सायकलवरही न बसलेल्या माझ्या मामांनी मोठी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. पोरं म्हणाली, स्कूटी घ्या. मामा म्हणाले, "शिंगरावर बसवून नेऊ का तिला? घोडं म्हणलं हुतं, घोडंच घ्यायचं."

जालन्याच्या शोरूममध्ये मी सोबत होतो. मामांनी गाडीला फेऱ्या मारल्या, टायर दाबलं, टाकीला कान लावला आणि विकणाऱ्या मुलाला म्हणाले, "खोड सांग." तो गाडीचे गुण पाठ करून आलेला. "खोड काहीच नाही, काका." "बिनखोडीचं जनावर मी अजून पाह्यलं न्हाई. खरं सांग." शेवटी तो हळूच म्हणाला, "ॲव्हरेज जरा कमी आहे." "म्हणजी खातं जास्त. खाऊ दे," असं म्हणून मामांनी तिथल्या तिथे सौदा पक्का केला.

शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मामांच्या गावात, वडीगोद्रीत, बाजाराची जागा एरवी मोकळी असते, तिथे आमची शाळा भरे. क्लच सुटला की गाडी हिसका देऊन बंद पडायची आणि मामा टाकीवर थोपटून तिची समजूत काढायचे. उभ्या उभ्या गाडी आडवी झाली तर म्हणायचे, "मी पडलो न्हाई, ते बसलं." एकदा गाडी सरळ कडब्याच्या गंजीकडे निघाली. मी ओरडतोय, "ब्रेक, मामा, ब्रेक!" आणि मामा दोन्ही हातांनी हॅण्डल लगामासारखं ओढत "हुर्रर्र, हुर्रर्र" करताहेत. गंजीतून बाहेर आले ते कडब्याचं धाट कानावर घेऊन, आणि वर माझ्यावरच चिडले, "थांब म्हणून सांगून राह्यलो ना त्याला!"

मामी बाजाराच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत असे. "आधी त्याला तुमचं ऐकू द्या, मंग बसते मी," ती म्हणायची. सगळे हसायचे. मामा हसायचे नाहीत. तिला ओट्यावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, हे त्यांनीही पाहिलेलं असायचं. मग ते पुन्हा गाडी सुरू करायचे.

अखेर गाडीनं ऐकलं. हेल्मेटखाली फेटा मावेना, म्हणून तो मामीच्या मांडीवर ठेवून दोघं निघाली. मी माझ्या गाडीवर मागे. अंबडच्या अलीकडे चढ लागला आणि मामीनं मामांच्या पाठीवर थाप मारली. "थांबवा. चढ हाय. उतरते मी. त्याला दम लागंल."

मामांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता इंजिन म्हणजे काय ते समजावतील. ते नुसते मागे वळले आणि म्हणाले, "लई चाललीस. आता ह्येला चालू दे. तू बस."

मामीनं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मीही त्या चढाकडे उगाच बघत राहिलो.

तेव्हापासून देवीच्या प्रत्येक खेपेला त्या चढावर मामी विचारते, "उतरू का?" आणि मामा म्हणतात, "बस." दोघांनाही उत्तर माहीत असतं, तरी विचारल्याशिवाय चढ ओलांडायचा नाही. गेल्या महिन्यात मात्र मामीनं विचारलंच नाही. मामांनी वाट पाहिली, गाडी आणखी हळू केली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं आता रात्रीही तिला झोपू देत नाही. मी मागून गाडी त्यांच्या बाजूला घेतली. मामांच्या पाठीवर गाल टेकून, फेटा पोटाशी धरून मामी गाढ झोपली होती. सारा जन्म या रस्त्यानं चाललेली बाई त्याच रस्त्यावर झोपून चालली होती.

मामांनी मान न वळवता डोळ्यांनीच मला विचारलं. मी डोळ्यांनीच सांगितलं. त्यांनी एक हात मागे नेऊन तिला सावरून धरलं, आणि गाडी माणसाच्या पावलानं चढू लागली. मी पुन्हा मागे झालो. माझ्या मागे एक टेम्पो, मग ट्रक, मग एसटी, अशी रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. मी वळून हात वर केला आणि जमेल तेवढ्या खुणा करून सगळ्यांना सांगितलं, वाजवू नका रे, आमची मामी झोपली आहे.