पहिल्या पानावरचा गणपती

कापडगिरणी बंद झाल्यावर बाबांनी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या सुट्या भागांचा कारखाना काढला. बाहेरगावची गिऱ्हाइके मिळावीत म्हणून मी त्याची वेबसाइट तयार केली. बाबांच्या आग्रहाने तिचे पहिले पान गणपतीच्या भल्यामोठ्या छायाचित्राने व्यापले. सायबर कॅफेत आम्हा दोघांसमोर ते इंचाइंचाने उमटू लागले, तशी मला धडकी भरली. एवढा वेळ कोण थांबेल? हा कारखानाही बंद पडला, तर बाबांना पुन्हा सावरता येणार नव्हते.

"बाबा, हा फोटो काढावा लागेल."

"गणपतीला हटवतेस? मग धंदा कोण चालवणार, बेटा?"

"गिऱ्हाइकं. पण ती आतच आली नाहीत तर?"

पडद्यावर अजून नुसता मुकुटच उमटला होता. बाबा त्याला हात जोडून म्हणाले, "देवा, जरा बाजूला हो. माणसं खोळंबलीयत."